कुलूप शाबूत होतं

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला एका तीन मजली अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मी शाळेत शिकवते, हे खासगी नोकरीत आहेत. गेल्या महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नाला सगळेच इचलकरंजीला गेलो होतो. सकाळी दहाला निघालो आणि संध्याकाळी सहाला परत आलो, तर दाराचा कोयंडा उचकटलेला. शेजारच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातलेल्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डबे ओतलेले, गाद्या उलथ्यापालथ्या, देवघराचा खणसुद्धा बाहेर. कपाटाच्या आतल्या कप्प्यातून माझ्या आईच्या दोन पाटल्या, सासूबाईंची बोरमाळ, मुलीसाठी केलेली चेन आणि बावीस हजार रोख गेले. अंगावर होतं तेवढंच सोनं वाचलं.

सासूबाई म्हणतात, सकाळी 'निघालो लग्नाला' असा फोटो मी स्टेटसला ठेवला, त्याने घात केला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पोलिसांना आमच्या कामवाल्या मावशींचं नाव सांगितलं, 'त्या वस्तीतले लोक तसलेच' असंही वर म्हणाले. मावशी नऊ वर्षं आमच्याकडे आहेत, एक चावी त्यांच्याकडे असते. त्यांना दोनदा ठाण्यात बोलावून नेलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या खोलीतनं गेल्या पावसाळ्यात गॅसचा सिलेंडर गेला, उसनवारी करून दुसरा आणला तर पंधरा दिवसांत तोपण गेला. मला कुणी विचारलं का वहिनी?" मला काय बोलावं सुचलं नाही.

हे म्हणतात, चोर येऊन गेला, आता कशाला येतोय परत. घरमालकाने तोच कोयंडा पुन्हा ठोकून दिलाय. मला मात्र रात्री झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी उठून बसते. आमच्याच घरी का, ताई? आमचं काय चुकलं? आणि मावशींचं काय करू?

एक वाचक, सांगली

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण यजमानांच्या त्या एका वाक्याला थांबायला वेळ नाही, म्हणून आधी ते घेते. 'चोर येऊन गेला, आता कशाला येतोय' हे वाक्य फौजदारी वकिलीच्या सव्वीस वर्षांत मी किती फिर्यादींच्या तोंडून ऐकलं त्याची गणती नाही. ते मनाला बरं वाटतं म्हणून लोक बोलतात. खरं मात्र ते नाही.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल म्हणून गाव आहे. तिथे कर्कहोल्ट नावाची नगरपालिकेच्या घरांची वसाहत आहे, दोन हजारांवर घरांची, कष्टकऱ्यांची. १९८० च्या दशकात तिथले लोक घरफोड्यांनी हैराण झाले होते. अभ्यासकांनी जुन्या नोंदी काढून बसवल्या तेव्हा दिसलं की ज्या घरात एकदा चोरी झाली, त्या घरात पुन्हा होण्याचा धोका इतर घरांच्या चौपट आहे. मग त्यांनी अख्ख्या वसाहतीभर धावाधाव केली नाही. चोरी झालेली घरं तेवढी धरली आणि त्यांची दारं-खिडक्या पक्की केली. नाणी टाकून गॅस-वीज वापरायचे मीटर तिथे घराघरात होते, म्हणजे भिंतीवर लटकवलेला गल्लाच, ते काढायला लावले. आणि त्या घराला लागून असलेल्या पाच-सहा घरांना सांगितलं की काही दिवस इथे लक्ष ठेवा. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या साधारण तीन-चतुर्थांशांनी कमी झाल्या.

चोर परत का येतो, हे समजायला अवघड नाही. त्याला वाट माहीत झालेली असते. कोणती खोली कुठे, कपाट कुठल्या भिंतीला, शेजारी किती वाजता नसतात, हे सगळं त्याने एकदा फुकटात शिकून घेतलेलं असतं. घाईत जे उचलता आलं नाही ते त्याच्या डोळ्यांसमोर असतं. आणि गेलेली वस्तू घरवाले पुन्हा घेणार, हेही तो ओळखून असतो. मावशींचा दुसरा सिलेंडर अगदी तसाच गेला. तुम्ही पत्रात ती गोष्ट जाता जाता लिहिलीत. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, आणि ते मावशींनी सांगितलंय. पुन्हा चोरी होते ती पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच होते. म्हणजे तुम्ही आत्ता त्या आठवड्यांतच आहात. शेजारच्या घरांनाही या दिवसांत धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, तेव्हा हे त्यांनाही सांगायला हवं.

आता तो कोयंडा. कुलपाचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी न बघता सांगते, कुलूप शाबूत असणार. बंदच्या बंद, कोयंड्यात अडकून लटकत असणार. असले पंचनामे मी इतके वाचलेत की ते चित्र डोळ्यांसमोर आहे. एकदा तो कोयंडा काढून हातात घ्या आणि त्याचे स्क्रू बघा. अर्ध्या इंचाचे असतील, फार तर पाऊण. समोर जुनी चौकट, पावसाळ्यात फुगलेली आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळलेली. कटावणी घालून हिसका दिला की कुलूप तुटत नाही, लाकूड स्क्रू सोडून देतं. आपण आठशे रुपयांचं कुलूप आणतो आणि ते दोन-दोन रुपयांच्या चार स्क्रूंवर टांगतो. आता घरमालकाने तोच कोयंडा त्याच भोकांत ठोकला असेल, तर तुमचं दार चोरीच्या दिवशी होतं त्याहून कमकुवत झालंय. आज रात्री तुम्ही त्या दारामागे झोपणार आहात.

तेव्हा या रविवारी सुताराला बोलवा. चौकटीची तेवढी बाजू बदलून किंवा आतून लोखंडी पट्टी लावून, आरपार बोल्ट टाकून कोयंडा बसवून घ्या. जमलं तर दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक घ्या आणि बाहेरचं कुलूप लावणंच सोडा. मजबुतीइतकंच त्याला आणखी एक कारण आहे. बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातून वरखाली करणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की आत कुणी नाही. आत बसलेलं लॉक तसं सांगत नाही. भाड्याचं घर म्हणून हात आखडू नका. घरमालकाला लेखी कळवा, खर्च भाड्यातून वळता करून मागा, आणि तो नाहीच म्हणाला तरी स्वतःच्या पैशाने करून घ्या. बिजागऱ्या दाराच्या बाहेरच्या अंगाला असतील तर त्याही सुताराला दाखवा.

आता 'आमच्याच घरी का?'

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधी गोष्ट मांडली. चोरी व्हायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जमाव्या लागतात. चोरी करायला तयार असलेला माणूस, नेण्याजोगी वस्तू आणि राखायला कुणी नसणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली तरी चोऱ्या का वाढल्या, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं. उत्तर असं निघालं की घरातली सगळी माणसं नोकरी, कॉलेज, सहलींसाठी बाहेर पडू लागली, घरं दिवसा रिकामी राहू लागली, आणि घरातल्या वस्तू किमती असून वजनाला हलक्या होत गेल्या. यावरून बाईने घरी बसावं असा अर्थ कुणी काढत असेल तर तो साफ चुकीचा आहे. घर राखायचं काम पूर्वी जे आपोआप होत होतं, ते आता मुद्दाम ठरवून करावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. वाड्यात कुणाची ना कुणाची आजी पायरीवर तांदूळ निवडत बसलेली असायची. 'कोण पाहिजे रे?' एवढा तिचा प्रश्न पुरायचा. तीन मजली, लिफ्ट नसलेल्या, वॉचमन न परवडणाऱ्या अपार्टमेंटमध्ये सकाळी अकरा ते चार तो प्रश्न विचारायला कुणी नसतं.

आणि हलक्या, किमती वस्तूंचं म्हणाल तर आपल्याकडे त्यासाठी टीव्ही-रेडिओची वाट बघावी लागली नाही, सोनं होतंच. मुठीत मावतं, खिशात वाजत नाही, आणि एकदा वितळलं की पाटली कुणाची अन् बोरमाळ कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. लग्नसराईत ते बँकेतून घरी येतं आणि नेमकं त्याच दिवसांत अख्खं घर कार्यालयात असतं.

मी चोरी झालेल्यांच्या बाजूने उभी राहिले, तशी चोरीचा आरोप असलेल्यांच्या बाजूनेही. कोठडीत, कोर्टाच्या व्हरांड्यात ही माणसं पुष्कळ बोलतात. कुठलं घर धरायचं ते कसं ठरवलं, हे सांगताना घरवाल्यांचं नाव, त्यांचा पगार, त्यांची जात, त्यांचं वागणं यातलं काही त्यांच्या बोलण्यात येत नसे. बोलणं असे ते दाराबाहेर चपला आहेत का, पेपर ग्रिलमध्ये तसाच आहे का, दुधाची पिशवी उचलली का, कुलूप बाहेरून आहे का, जिन्याला दुसरी वाट आहे का यांचं. बेल वाजवून बघायची, कुणी आलंच तर 'पाटील इथंच राहतात का' विचारून निघायचं. तुमच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या कड्या घातल्या होत्या, त्याही याच हिशेबातल्या.

म्हणून सासूबाईंना, त्यांचा मान राखून, एवढंच सांगा की स्टेटस ज्यांनी पाहिलं ते नात्यागोत्यातले आणि शाळेतले लोक. जिन्यातून जाणाऱ्याला ती बातमी तुमच्या कुलपाने दिली. यापुढे फोटो परत आल्यावर टाका, ते शहाणपणाचं आहेच. पण पुढे घ्यायची काळजी वेगळी आणि मागचा दोष वेगळा. दोष ज्याने दार उचकटलं त्याचा. सासूबाईंची बोरमाळ गेलीय, कदाचित त्यांच्या सासूची असेल. त्या तुमच्यावर चिडतात कारण चोर समोर नाही आणि तुम्ही समोर आहात. त्यांना एकदा त्या बोरमाळेबद्दल बोलू द्या. कधी घातली, कुणी दिली. मी तुम्हाला हे उगाच सांगत नाही.

१९९७ साली आमच्या घरी चोरी झाली. माझी आई मंगळसूत्र रोज रात्री तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची, घरातल्या घरात ती जागा फक्त तिला ठाऊक. चोराने स्वयंपाकघरातले सगळे डबे फरशीवर ओतले. डाळीत, तांदळात, साखरेत आधी हात घालायचा हे त्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. आम्ही झाडलं, पुसलं, पोलीस आले-गेले, दादाने नवं कुलूप आणलं, सगळं मिटल्यासारखं झालं. पाच महिन्यांनी दिवाळीच्या साफसफाईत आईने ओट्याखालची फळी सरकवली आणि तिथे डाळीचे दहा-बारा दाणे निघाले. ती तिथेच खाली बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. तोवर आम्ही सगळे तिला 'तू डब्यात कशाला ठेवायचीस' एवढंच विचारत होतो. मीसुद्धा. वकील असून.

तेव्हा जिन्यातल्या पावलांना तुम्ही दचकता, याचं तुम्ही नवल करू नका आणि घरच्यांनीही करू नये. परक्या माणसाने आपल्या साड्यांना, अंथरुणाला हात लावलाय, हे अंगावरून जायला वेळ लागतो. कपाटातले सगळे कपडे एकदा धुऊन टाकावेसे वाटत असतील तर टाका. दार पक्कं झाल्यावर झोप थोडी तरी परत येईल, हे माझ्या अनुभवाचं आहे. दोन महिने झाले तरी नाहीच आली तर डॉक्टरांशी बोला.

आता मावशी.

ज्या घरातले सगळे डबे ओतलेत, गाद्या उलटल्यात, देवघराचा खण काढलाय, त्या घरात शिरलेल्याला सोनं कुठे आहे ते माहीत नव्हतं. ज्याला माहीत असतं तो सरळ कपाटाकडे जातो. आणि जिच्या हातात चावी आहे तिच्या माणसाला कटावणीची काय गरज? आतल्या माणसाने माहिती पुरवल्याच्या केसेस मी पाहिल्यात, नाही म्हणणार नाही. त्या माहिती पुरवणाऱ्यांत भाचे होते, भागीदार होते, रंगकाम करून गेलेले होते. पण तुमच्या घरातल्या खुणा ते सांगत नाहीत. तुम्ही फिर्यादी आहात. तपास अधिकाऱ्याला भेटा आणि हे दोन मुद्दे पुरवणी जबाबात लिहून द्या. 'माझा मावशींवर संशय नाही' हे वाक्यही त्यात स्वच्छ घाला. सेक्रेटरींच्या शब्दापेक्षा तुमच्या शब्दाला तिथे जास्त वजन आहे, आणि तो शब्द अजून तुम्ही टाकलेला नाही. हे मी रागाने म्हणत नाही, पण नऊ वर्षांनंतर मावशींचा तुमच्यावर तेवढा हक्क आहे. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. पुन्हा बोलावणं आलं तर तुम्ही स्वतः हे सांगा.

'त्या वस्तीतले तसलेच' या वाक्याचा इतिहास मोठा आणि दुःखाचा आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. तरी कुठे चोरी झाली की पारधी पाल आधी तपासायचं, ही सवय गेली नाही. तुमचे सेक्रेटरी वाईट माणूस असतील असं नाही. पण वस्तीत चोर राहतात असं त्यांना वाटतं, आणि तिथे चोरी होते हे त्यांच्या मनातही येत नाही.

होते मात्र तिथेच. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून एक पाहणी होते. पोलिसांत नोंद झाली असो-नसो, हजारो घरांना थेट विचारतात, तुमच्याकडे काय घडलं? घरफोडीबाबत त्यात पुन्हा पुन्हा दिसत आलंय की मालकीच्या घरापेक्षा भाड्याच्या घराला धोका जास्त, एकट्या पालकाच्या घराला जास्त, गरीब वस्तीत जास्त. बंगल्याला कुत्रा असतो, ग्रिल असतं, कॅमेरा असतो. पत्र्याच्या खोलीला एक कोयंडा, आणि घरातलं प्रत्येक माणूस कामावर. तुमच्या पाटल्या गेल्या, त्याचं दुःख खरंच मोठं आहे. मावशींचा सिलेंडर गेला तेव्हा त्या दिवशीचा स्वयंपाक चुलीवर आला आणि डोक्यावर उसने पैसे राहिले. त्यांनी फिर्याद दिली नसणार. एक दिवसाची मजुरी बुडवून कोण जाणार? म्हणून त्यांची चोरी कुठल्याच कागदावर नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, मिळाली नसेल तर मागून घ्या. त्यात भारतीय न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ ही घरफोडीची आणि राहत्या घरातल्या चोरीची कलमं आहेत का ते बघा. दागिन्यांची वजनं, घडण आणि खुणा लिहून द्या. जुन्या पाटल्यांची पावती कुठून मिळणार, पण लग्नाच्या अल्बममध्ये आई त्या घालून उभी असेल, त्या फोटोची प्रत लावा. चेन १ एप्रिल २०२३ नंतरची असेल तर तिच्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक असायला हवा, तो पावतीवर आहे का बघा. तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऐवज सापडला तर खटला संपेपर्यंत थांबू नका. सुप्रीम कोर्टाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की असा मुद्देमाल फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्यावा. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. उरलेलं सोनं लॉकरमध्ये ठेवा. लॉकर फोडला गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे, म्हणजे ते सगळं भरून निघेल असं नाही, पण डाळीच्या डब्यापेक्षा ते बरं.

आणि खालच्या, शेजारच्या, समोरच्या तीन-चार घरांना चहाला बोलवा. मोठी सभा नको. एकमेकांचे नंबर घ्या, गावाला जाताना कुणी पेपर-दूध उचलायचं ते ठरवा, अनोळखी माणूस दिसला तर 'कोण पाहिजे?' विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर ११२ ला फोन लावायचा, एवढं ठरलं तरी पुरे. त्या चहाला मावशीही असू द्यात. दुपारी त्या जिन्यात तुमच्यापेक्षा जास्त त्याच असतात.

रविवारी सुतार आला की त्याला तिथूनच मावशींच्या खोलीवर घेऊन जा. आधी त्यांना विचारून घ्या, दार लाकडाचं आहे की पत्र्याचं. पत्रा असेल तर तो स्क्रू धरत नाही, आतून जाड पट्टी देऊन आरपार बोल्टच लागतील, आणि ते सुताराने येतानाच आणलेले बरे.